कमरेचं हत्यार: झाकायचं, पण लपवायचं नाही

आमच्या पेट्रोल पंपाची रोकड बँकेत भरायला मीच जातो. बारा वर्षांपूर्वी वाटेत दोनदा पाठलाग झाला, तेव्हा शस्त्र परवान्याचा अर्ज केला आणि यथावकाश बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घरी आलं. तेव्हापासून आमच्या भागात कुणाचं नवं लायसन झालं की त्याचा फोन मला येतो. पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, "दादा, शर्टाच्या आत लावायची का बाहेर?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर मोबाइलवरच्या अमेरिकन व्हिडिओत शोधू नका. तिकडे अनेक राज्यांत उघड बाळगण्याचे नियम वेगळे, झाकून बाळगण्याचे वेगळे आणि परवानेही वेगळे. आपल्याकडे 'झाकून बाळगण्याचा परवाना' असा निराळा कागद नाही. शस्त्र अधिनियम १९५९चा, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याखालचे सध्याचे नियम २०१६चे आणि कायद्यातली शेवटची मोठी दुरुस्ती २०१९ची. हत्यार घेणं, ठेवणं आणि बाळगणं हे सगळं एकाच परवान्यात येतं. आणि सार्वजनिक जागी ते पूर्ण झाकलेलं असलंच पाहिजे, असं नियमच सांगतो. म्हणजे तिकडे जी खास परवानगी, ती आपल्याकडे सक्ती.

एक फरक मात्र डोक्यात पक्का ठेवा. हत्यार लोकांच्या नजरेपासून झाकायचं असतं, पोलिसांपासून लपवायचं नसतं. पुढचं बरंचसं याच एका फरकातून निघतं.

आधी परवाना

हा भाग थोडक्यात उरकतो, कारण कागदपत्रांची यादी तुम्हाला कार्यालयात मिळेलच. जिल्ह्यात परवाना देतात ते जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारीच. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक अशा आयुक्तालयांच्या हद्दीत तो अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. वय २१ पूर्ण लागतं. अर्ज ए-१ नमुन्यात करायचा. सोबत ओळखीचे, पत्त्याचे, उत्पन्नाचे कागद, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा डॉक्टरांचा दाखला, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि घरी ते सुरक्षित कुठे ठेवणार याची लेखी हमी. मग अर्ज तुमच्या पोलीस ठाण्यात चौकशीला जातो. नियमाप्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो मिळाल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हायचा. माझ्या अर्जाला सव्वा वर्ष लागलं, तेव्हा कॅलेंडरकडे फार बघू नका.

अर्जात 'जिवाला धोका' एवढंच लिहून भागत नाही. धोका कसला, कधीपासून, पोलिसात तक्रार दिली होती का, रोकड किती आणि कुठून कुठे नेता, हे तारखांसह लिहा. नकार आला तर कारण लेखी मागा. कलम १४ प्रमाणे ते नोंदवावं लागतं. फक्त सार्वजनिक हिताच्या दृष्टीने ते सांगणं योग्य नसेल तरच अडवता येतं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयावर अपील विभागीय आयुक्तांकडे जातं. आम्हा कोल्हापूरकरांना त्यासाठी पुणं गाठावं लागतं.

सामान्य माणसाला मिळतं ते 'नॉन प्रोहिबिटेड बोअर'चं, म्हणजे बंदी नसलेल्या मापाचं हत्यार. हातातलं, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, हवं असेल तर बहुतेकांची गाडी बत्तीस बोअरवरच थांबते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर नाहीतर ईशापूरचं 'अशनी' पिस्तूल. हत्यारांची कमाल संख्या २०१९च्या दुरुस्तीने तीनवरून दोन झाली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली.

पुस्तिका हातात आली की

माझं लायसन आलं त्या दिवशी घरी पेढे वाटले. थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, त्यांची बारा बोअरची दुनळी तीस वर्षं सांभाळली होती. त्यांनी माझी परवान्याची पुस्तिका उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "मागच्या अटी वाचल्यास का?" मी वाचल्या नव्हत्या. "मग पेढा खाली ठेव."

त्यांनी त्या दिवशी करून घेतलं तेच मी आता प्रत्येकाकडून करून घेतो. दुकानातून हत्यार ताब्यात घेताना त्याच्या बॉडीवर कोरलेला नंबर बोट ठेवून एकेक अंक वाचायचा आणि परवान्यावर चढवलेला नंबर तसाच वाचायचा. तीनाच्या जागी आठ झालेला मी स्वतः पाहिलाय. तो तिथल्या तिथे दुरुस्त झाला नाही तर तुमच्या हातातलं हत्यार कागदावर तुमचं नसतंच. मग यूआयएन बघा. राष्ट्रीय नोंदवहीतला हा तुमचा क्रमांक नसेल तर परवाना ग्राह्य धरला जात नाही. जुन्या लायसनवाल्यांची यावर बरीच धावपळ झाली. त्यानंतर काडतुसांचे दोन आकडे: एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची. बत्तीसच्या देशी काडतुसाच्या बुडाला 'केएफ' अशी अक्षरं दिसतील, ती खडकीच्या कारखान्याची खूण. दुकानदाराने दिलेले नग एकदा मोजून, नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच बाहेर पडा.

शेवटी क्षेत्र. जिल्हा, राज्य की भारत, यातलं काय लिहिलंय? हे नीट बघा, कारण सीमाभागातली निम्मी लफडी या एका शब्दावरून होतात. त्यावर पुढे येतोच.

कमरेला लावण्याची रीत

२०१६च्या नियमांतला बत्तिसावा नियम आपल्या कामाचा. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर सार्वजनिक जागी न्यायचं तर ते हातातल्या हत्यारासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये, अंगाला बांधलेलं हवं, नाहीतर पाठपिशवीसारख्या बंद पिशवीत. लांब बंदूक तिच्या स्वतःच्या कव्हरमध्ये. दोन्ही वेळा ते संपूर्ण झाकलेलं आणि तरी तुमच्या पूर्ण ताब्यात असलं पाहिजे. बाहेर काढून दाखवणं, परजणं, उगाच बार काढणं याला सक्त मनाई. मोडलं तर परवाना रद्द होऊ शकतो.

'पूर्ण झाकलेलं आणि तरी ताब्यात' हे वाचायला सोपं वाटतं, पण कमरेला लावून दिवस काढून बघा. पहिल्याच महिन्यात मी एका मिसळीच्या हॉटेलात बसलो होतो. खाली पडलेलं पाकीट उचलायला वाकलो आणि इन न केलेला शर्ट मागून वर गेला. शेजारच्या टेबलावरची बाई उठून पोराला घेऊन बाहेरच गेली. कुणी काही बोललं नाही, पण माझी मिसळ तशीच राहिली. त्या दिवसापासून मी शर्ट चार बोटं जास्त लांब शिवून घेतो आणि वाकायचं झालं तर गुडघ्यात वाकतो. सदऱ्यावर जाकीट घालणाऱ्यांना हा त्रास नाही. टी-शर्टवाल्या तरुणांना मात्र मी सांगतो, आरशासमोर उभे राहा, हात वर करा, बसा, उठा, वाका. कुठेही मूठ दिसली किंवा कापडाखाली तिचा आकार उठला तर कपडे बदला.

होल्स्टरमध्ये काटकसर करू नका. बाजारातल्या ढिल्या कापडी खोळीतून रिव्हॉल्व्हर मोटारसायकलवर खड्ड्यात उसळून बाहेर पडतं. चामड्याचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं आणि वर बटणाचा पट्टा असलेलं घ्या. पँटीत नुसतं खोचणं ही सिनेमातली रीत, तिला नियमही नाही आणि अक्कलही नाही. बायकांनी पर्समध्ये ठेवायचं तर त्या पर्समध्ये दुसरं काही नको, आणि पर्स खुर्चीला अडकवून हात धुवायला जायचं नाही. गाडीच्या कप्प्यात ठेवून गाडी लॉक केली म्हणजे ते ताब्यात राहिलं, असं समजू नका.

जुने लोक रिव्हॉल्व्हरच्या घोड्याखालचं घर, म्हणजे काडतुसाची जागा, रिकामं ठेवतात. मीही ठेवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदाला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली. पहाटे, स्वतःच्या घरात, बाहेरगावी निघायच्या गडबडीत. ती बातमी आली त्या दिवशी आमच्याकडचे चारपाच जण तरी आपापली हत्यारं काढून घोडा तपासत बसले होते.

कुठे न्यायचं नाही

परवान्याच्या अटींतच लिहिलेलं असतं: खास परवानगीशिवाय हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, कुठल्याही सार्वजनिक जमावात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात न्यायचं नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाताना ते घरी कुलपात. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळायची असेल तरी घरीच. पोराला शाळेत सोडायला गेलात तर गेटबाहेरच थांबा, आवारात पाऊल टाकू नका. झाकलेलं आहे म्हणून इथे सूट मिळत नाही.

दुसरी गोष्ट बाहेरगावच्या माणसाला माहीत नसते: मनाई आदेश. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) खाली जिल्हाधिकारी किंवा आयुक्त ठरावीक दिवसांसाठी शस्त्रं बाळगायला बंदी घालतात. सण, मोर्चे, आंदोलनं, निवडणुका लागल्या की हे आदेश निघतात आणि बऱ्याचदा एक संपायच्या आत दुसरा निघतो. तुमच्या घरी पत्र येत नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात, पोलीस ठाण्याच्या फळ्यावर कागद लागतो. सोपा उपाय म्हणजे सणासुदीच्या आधी ठाण्यात फोन करून विचारायचं, "साहेब, सदतीस-एक लागू आहे का? परवानाधारकांना सूट आहे का?" आदेशात कोणाला सूट आहे ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय गृहीत धरायचं नाही.

आता लग्नं. वरातीत हवेत बार काढणं ही आपल्याकडची पद्धत नसली तरी रील पाहून पोरांना सुरसुरी येते. २०१९पासून त्यासाठी शस्त्र अधिनियमात वेगळं पोटकलम आहे, २५(९). कुणाचा जीव धोक्यात येईल अशी निष्काळजी किंवा आनंदाची गोळीबारी केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गोळी कुणाला लागलीच पाहिजे असं नाही.

दसऱ्याचं शस्त्रपूजन घरात करा, जरूर करा. आम्हीही पाटावर लाल कापड घालून, रिकामं करून, हळदकुंकू वाहतो. (हळद नंतर कापडाने नीट पुसा, खोबणीत अडकली की निघता निघत नाही.) पण त्याचा फोटो स्टेटसला कशाला? हत्यार हातात धरलेल्या फोटोवरून चौकशीला बोलावलेली मंडळी मी पाहिली आहेत. परवाना खरा होता, तरी ठाण्यात चार तास गेलेच.

नाकाबंदीत गाठ पडली तर

कलम १९ प्रमाणे हत्यार बाळगणाऱ्याकडे कुठलाही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. दाखवला नाही तर नाव-पत्ता विचारू शकतो, गरज वाटली तर हत्यार ताब्यात घेऊ शकतो. म्हणून मूळ पुस्तिका सोबत हवीच. झेरॉक्स आणि मोबाइलमधला फोटो ही फक्त मनाची समजूत.

माझी रीत सांगतो. रात्री गाडी बाजूला घ्यायला सांगितली की आतला दिवा लावायचा, काच पूर्ण खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. हवालदार जवळ आले की त्यांनी विचारायच्या आधी आपणच बोलायचं.

"नमस्कार साहेब. माझ्याकडं लायसनचं रिव्हॉल्व्हर आहे. उजव्या कमरेला. पुस्तिका डाव्या खिशात आहे, काढू का?"

पहिल्यांदा मी असं म्हणालो तेव्हा ते हवालदार दोन पावलं मागं सरले, मग हसले. "काढा, पण सावकाश. आन् हत्यार ऱ्हाऊ द्या तिथंच." त्यांनी बॅटरीच्या उजेडात नंबर बघितला, मुदत बघितली, यूआयएन मोबाइलवर टिपून घेतला. "लोक गप बसत्यात ओ. मग आमचा हात तिथं लागला की दोघांची बी धडधड वाढती."

हत्यार दाखवा म्हणाले तर आपण हात घालण्याआधी खाली उतरून, त्यांना विचारून, नळी जमिनीकडे ठेवून द्यायचं. उत्साहाच्या भरात 'हे बघा' म्हणून सर्रकन काढायचं नाही. ओळखी, कुठल्या पुढाऱ्याचं नाव, यातलं काही सांगायची गरज पडत नाही.

हद्द ओलांडताना

कोल्हापूरहून निपाणीकडे निघालं की कागलनंतर थोड्याच वेळात कोगनोळीचा टोलनाका येतो. तोवर कर्नाटक लागलेलं असतं. आमच्या निम्म्या पाहुणारावळ्यांची घरं बेळगाव-निपाणीकडे. रस्ता एकच, भाषा एकच, जेवणही तेच, पण 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला परवाना त्या टोलनाक्यावर चालत नाही. तेच बांद्याहून पत्रादेवीमार्गे गोव्यात शिरताना.

हद्दीबाहेर हत्यार नेलं तर परवान्याच्या अटीचा भंग होतो. त्यासाठी कलम ३० मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ऐकायला हलकं वाटेल. पण 'इथे तुमच्याकडे परवानाच नाही' असं धरून कोणी कलम २५ लावलं तर विनापरवाना हत्याराला आता किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आहेत. मग कोर्टात कोण बरोबर ठरलं हे कळायला वर्षं जातात आणि तोवर हत्यार पोलिसांच्या मालखान्यात. दर आठवड्याला सीमेपलीकडे व्यापाराला जाणाऱ्यांनी क्षेत्र वाढवून मागण्याचा रीतसर अर्ज करावा. ते सहजासहजी मिळत नाही, कारण सबळ लागतं. बाकीच्यांनी निघताना घरी ठेवावं. मी बेळगावला जाताना ते कुलपात ठेवतो आणि रोकडही नेत नाही.

विमान आणि विसरलेलं काडतूस

विमानात हत्यार केबिनमध्ये कधीच नाही. रिकामं करून, कुलूपबंद पेटीत, चेक-इनच्या सामानात, आणि काउंटरवर आपण होऊन सांगून. परवाना दाखवायचा, अर्ज भरायचा, ते तपासून सील करतात. काडतुसांची संख्या मर्यादित असते आणि ती कशी बांधायची याचे कंपनीचे नियम असतात, तेव्हा तिकीट काढतानाच फोन करा. नेहमीपेक्षा तासभर लवकर जा. उतरल्यावर त्या राज्यात परवाना चालतो की नाही, हा प्रश्न तर पुन्हा आहेच.

पण विमानतळावर अडकतात ती माणसं बहुधा हत्यार नेणारी नसतात. हातातल्या बॅगेच्या कुठल्यातरी खणात विसरलेलं एकच काडतूस एक्स-रेमध्ये चमकतं. माझ्या बाबतीत ते थोडक्यात टळलं. पुण्याहून दिल्लीला जायचं होतं. आदल्या रात्री बायको बॅग भरताना चार्जरचा खण झटकत होती, तर टक्क करून फरशीवर काहीतरी पडलं. पितळी, बोटाच्या पेराएवढं, बुडाला केएफ. सरावाहून आलो तेव्हा खिशातून त्या खणात टाकलं होतं आणि पाच महिने त्याचा पत्ता नव्हता.

कायद्यात 'ताबा' म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल खटल्यात १९७२ सालीच सांगितलंय, आणि विसरलेल्या एकट्या काडतुसाच्या प्रकरणांत उच्च न्यायालयांनी गुन्हे रद्दही केले आहेत. पण तो दिलासा वकील करून, तारखा करून मिळतो. विमान त्या दिवशीच जातं. तेव्हा सरावाची बॅग वेगळी ठेवा आणि ती दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू नका. काडतुसं परत आल्यावर मोजून डबीत.

निवडणूक आली

आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन येतो, "हत्यार जमा करा." २०२४ साली आम्ही हे दोनदा केलं. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला. मग विधानसभेची १५ ऑक्टोबरला.

सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करा असा कायदा नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट जमा करून घेण्याला हरकत घेतली, आणि २००९मध्ये निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घालून दिली. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक बसून कोणाचं हत्यार घ्यायचं ते ठरवतात: जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, आधी दंगलीत नाव आलेले. बँकेचे सुरक्षारक्षक आणि स्पर्धेतले नेमबाज यांना सूट असते. मात्र लेखी नोटीस आली की मुदतीत जमा करावंच लागतं, नाही केलं तर तो वेगळा गुन्हा. सूट हवी असेल तर रोज रोकड नेतो याचा पुरावा जोडून समितीकडे लगेच अर्ज द्या. मला एकदा मिळाली, एकदा नाही.

जमा करताना पावती घ्याच. पावतीवर हत्याराचा नंबर, काडतुसांची संख्या आणि 'सुस्थितीत' हा शब्द लिहून घ्या. हा शब्द मी पहिल्या वेळी लिहून घेतला नव्हता. जूनच्या दमट हवेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पडलेलं रिव्हॉल्व्हर मला परत मिळालं तेव्हा चक्रीवर तांबूस डाग आले होते. कोणाशी भांडणार? आता देण्याच्या आदल्या दिवशी तेल लावतो, सुती फडक्यात गुंडाळतो आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवतो. (हा फोटो स्टेटसला नाही.) निकालानंतर आठवडा उलटला की लगेच परत द्यायची सूचना असते. आठव्या दिवशी पावती घेऊन जा, बोलावण्याची वाट बघू नका.

या सगळ्यात खरा अन्याय होतो तो कोकणातल्या शेतकऱ्यावर. शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक त्याने कमरेला लावून कुठे मिरवायची असते? ती ठाण्यात पडते आणि इकडे रानडुकरं एका रात्रीत शेत उलथून टाकतात. दर निवडणुकीला हीच ओरड होते आणि दर निवडणुकीला ती विरून जाते.

घरातली माणसं, दुरुस्ती, हरवणं

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. नवऱ्याचं हत्यार बायकोने पर्समध्ये टाकून नेलं तर ते विनापरवानाच. ड्रायव्हरच्या हाती 'जरा धर' म्हणून देऊन तुम्ही निघून जाणं हेही तसंच. एक सवलत कलम ३ मध्ये आहे: दुरुस्तीला, नूतनीकरणाला किंवा तुमच्याच वापरासाठी दुसरा माणूस तुमच्या समोर किंवा तुमच्या लेखी अधिकारपत्राने ते नेऊ शकतो. चिठ्ठीवर तारीख, कारण, कुठून कुठे, हत्याराचा नंबर आणि सही. सोबत परवानाही द्या.

घरी हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात नकोत. हरवलं किंवा चोरीला गेलं तर आधी घरभर दोन दिवस शोधत बसू नका. जवळच्या ठाण्यात त्याच दिवशी लेखी खबर द्या आणि तिची पोच घ्या. मध्ये गेलेला प्रत्येक तास नंतर तुम्हालाच विचारला जातो. बिऱ्हाड दुसऱ्या जिल्ह्यात हलवलं तर जुन्या आणि नव्या, दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना ३० दिवसांच्या आत कळवा.

काढावं लागलंच तर

मला आजवर लागलं नाही. स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे, कलम ३४ ते ४४. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती समोर उभी असेल तेव्हा, किंवा कायद्यात मोजून दिलेल्या अशाच गंभीर प्रसंगांतच तो प्राण घेण्यापर्यंत जातो. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडणं त्यात बसत नाही. पार्किंगच्या भांडणात नुसतं शर्ट वर करून मूठ दाखवणं तर बिलकूल नाही. ती धमकी ठरते आणि परवाना जातो. गोळी सुटलीच तर ११२ला फोन करा, जखमीसाठी रुग्णवाहिका मागा, हत्यार सुरक्षित खाली ठेवा, रिकाम्या पुंगळ्यांना हात लावू नका आणि वकिलाला बोलावून घ्या.

मुदत

पाच वर्षं कधी सरली ते कळत नाही. मी देवघराशेजारच्या कालनिर्णयावर दर जानेवारीत मुदतीची तारीख लाल पेनने लिहितो आणि तिच्या तीन महिने आधीच्या पानावर 'अर्ज' असं लिहितो. मुदतीच्या किमान दोन महिने आधी अर्ज गेलेला बरा, कारण पोलीस चौकशी पुन्हा होते. अर्जाची पोच पुस्तिकेतच ठेवा. अर्ज न करता मुदत संपली, तर त्या दिवसापासून ते हत्यार तुमच्या घरात बेकायदा आहे. अशा वेळी ते गाडीत घालून इकडेतिकडे विचारत फिरू नका. थेट ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, आणि मग नूतनीकरणाच्या मागे लागा.